भिंतीच्या पोटातला दगड

दगडी भिंतीचे दर्शन आणि तिचे पोट ही दोन वेगळी कामे असून पहिल्याचे कौतुक होते व दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही, हा लातूर-नांदेडकडच्या बांधकामाचा जुना रोग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने कोसळलेल्या अनेक भिंती दोन फुटांहून जाड होत्या. पण दोन्ही तोंडे स्वतंत्र उभी, मध्ये चिखल-दगडांची भर आणि वर माळवदाच्या मातीचा भार, त्यामुळे हादऱ्यात ती तोंडे एकमेकांपासून सुटली.

भूकंपाविषयीच्या १९८४ च्या भारतीय मानकाने हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात ठेवला होता. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरही टिकली, कारण तो दोष धरणावर टाकता आला. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला हादरे बसले तरी नकाशा तोच राहिला. २००२ मध्ये पहिला विभाग रद्द होऊन किल्लारी तिसऱ्यात गेली.

नकाशाचा रंग बदलतो. अडते ते आरपार दगडापाशी. आरपार दगड म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब, दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा दगड. दगडी बांधकामाच्या मानकानुसार तो उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत हवा. पण इतका लांब दगड खाणीतून सहज निघत नाही, आणि गिलावा चढल्यावर तो आत आहे की नाही हे घालणाऱ्यालाच ठाऊक. जुन्या भिंतीत भोक पाडून, गज ठेवून, काँक्रीट भरून त्याची जागा घ्यावी लागते. भोकातून आतली भर घरंगळू लागली की हात थबकतो.

काळ्या दगडाला नावे ठेवणारे काँक्रीटचे ठेकेदार तरी काय वेगळे करतात? कॉलमच्या रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवायचे, ते ९० वरच सोडतात. तेही काँक्रीटमध्ये झाकले जाते.

प्रस्तुत लेखकाची फुशारकी मात्र दर्शनी सांध्याची होती, आणि लांब दगड हाती आला की तो फोडून दोन देखणे चिरे काढण्याचा मोह त्याला कधी आवरला नाही. आता टाकी धरलेला हात थरथरतो म्हणून लांब दगड अखंड राहतात, आणि हाताखालचा पोरगा ते उस्तादांचे शहाणपण समजतो. त्याचा गैरसमज दूर करण्याचे धैर्य अजून झालेले नाही.

२१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीच्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने नांदेड हलले, तेव्हा आयुष्यात बांधलेल्या भिंती एकेक करून आठवल्या, प्रत्येकीचे सांधेही डोळ्यांपुढे आले. कोणत्या भिंतीत किती लांब दगड घातले, ते मात्र आठवेना.