हुकमी पानं हातात असताना

उमरखेड

चि. बाळास,


तुझ्या पत्रातला पोकरचा डाव मी पत्ते मांडून पाहिला. हातात इस्पिक आणि चौकटची नव्वी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, बदामाची नव्वी, बदामाचीच अठ्ठी आणि किलवरची चौकी. फ्लॉपवरच तुझ्या तीन नव्व्या झाल्या, आणि चौघांसमोर तू बेट न लावता चेक करून गप्प बसलास. पुढचं पान बदामाचं आलं आणि एकाचा फ्लश लागला. तू नशिबाला दोष देतोस, ते मला पटत नाही.

मोठा हात लपवून बसायची ही सवय तीन पत्तीतून आली आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्याकडे ज्याला ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, लागते तो चेहऱ्यावर काही न दाखवता सावकाश चाल करतो, बाकीच्यांना वाढवू देतो. तिथे ते बरोबरच आहे. २२,१०० प्रकारच्या हातांत ट्रेल फक्त ५२, आणि एकदा वाटलेली पानं शेवटपर्यंत बदलत नाहीत. समोरच्याची जोडी जोडीच राहते. पोकरमध्ये टेबलावर पानं येतच राहतात. फ्लॉपवर दोन बदाम आणि कुणाच्या हातात आणखी दोन असले, तर उरलेल्या दोन पानांत त्याचा फ्लश लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. ते पान तू त्याला फुकट दाखवलंस. त्यातून समोर चौघं.

पॉटचाही हिशेब कर. समोर एकच जण आहे आणि पॉट १०० आहे असं धर. तिन्ही फेऱ्यांत निम्म्या पॉटची बेट लावलीस आणि त्याने कॉल केला, तर पॉट २००, मग ४००, शेवटी ८०० होतो. एक फेरी चेकवर घालवली की तोच ४००वर थांबतो. हातातल्या जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर साधारण आठ-नऊ वेळांतून एकदाच येतं. इतक्या दिवसांनी आलेला हात लहान पॉटवर घालवायचा?

मग चेक करून थांबायचं कधी? हातात दोन राजे असावेत. फ्लॉपवर राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. मग समोरच्याकडे कॉल करण्याजोगं काही उरत नाही आणि फुकटच्या पानाने तुझं फारसं बिघडतही नाही. किंवा समोर एकच जण असावा, आणि तोही स्वतःहून बेट लावणारा. १९८८च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अखेरच्या डावात जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी होती, फ्लॉपवर राणी, दश्शी, अठ्ठी. स्ट्रेट तयार. एरिक सायडेलकडे नुसती राणीची जोडी. शेवटच्या पानावर चॅनने चेक केलं, सायडेलने होते नव्हते ते चिप्स लावले आणि स्पर्धा तिथेच संपली. प्रत्येक बेटला कॉल करणाऱ्या माणसासमोर मात्र असं थांबू नकोस. तो पैसे द्यायलाच बसलेला असतो.

आणि एक. २०२५च्या केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, तेव्हा मोबाईलवरच्या कुठल्याही ॲपच्या नादी लागू नकोस. मित्रांबरोबर बस, चिंचोक्यांवर खेळ, हवं तर रात्रभर खेळ.

तुझा,
मामा