अठरा टोकांची चांदणी

नाताळास पंधरवडा उरला असता एका कामानिमित्त आम्हांस खानापूर तालुक्यातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. खानापूर म्हणजे कौलांचा व मातीच्या भांड्यांचा गाव. चाकावर मातीला आकार देणारे हात आम्ही तेथे पूर्वी पाहिले होते. या खेपेस पाहिली ती कला निराळीच.

गावच्या हायस्कुलात नववीची मुले संगणकावर नाताळची चांदणी काढीत होती. हाती कुंचला नाही, रंग नाही. पडद्यावर चिमुकले कासव. त्यास लेखी आज्ञा करावयाची: शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. असे चार वेळा केले की चौकोन होतो. युक्ती जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉलेस फोरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांकरिता ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर फिरून रेघा ओढणारे यांत्रिक कासवही झाले. आजच्या ‘पायथन’ भाषेतील कासव त्याचेच वंशज.

पाच टोकांच्या चांदणीस दर वळणाला १४४ अंश लागतात. पाच वळणांत कासव स्वतःभोवती दोन फेरे घेते, म्हणजे ७२० अंश. त्यास पाचांनी भागावे. एका मुलीने चुकून १४० लिहिले. पाच रेघा झाल्या, पण टोकास टोक मिळेना. शेजारचा मुलगा हसला. हिला चित्रकलेत कधीच बरे गुण नाहीत, असे मास्तर आमच्या कानाशी म्हणाले. तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने, हे आम्हांस रुचले नाही.

मुलीने चूक पुसली नाही. पाचाच्या जागी तिने दहा लिहिले, मग पंधरा, मग अठरा. अठराव्या रेघेस कासव निघाल्या जागी परतले आणि अठरा टोकांची देखणी चांदणी पुरी झाली. हसणारा मुलगा खुर्ची ओढून जवळ आला.

“पण हे यंत्रानेच काढले ना?” आम्ही विचारले.

“फादर, कासवाला कुठं ठाऊक होतं अठरा?”

आम्ही निरुत्तर झालो. वेरा मोल्नार या चित्रकर्तीने १९६८ पासून पॅरिसमध्ये संगणकाकडून चित्रे काढविली. नेटक्या चौकोनांत ती मुद्दाम थोडा बिघाड घाली. हे त्या मुलीस सांगावयाचे आम्हांस बसमध्ये बसल्यावर सुचले.

निघताना ती वहीत आकृती उतरून घेत होती. घरी बाबांकडून कामट्यांची चांदणी करून घ्यावयाची होती, आणि पाचांऐवजी अठरा कामट्या सोलावयास त्यांना कसे राजी करावे, याचीच तिला चिंता होती.