काळी शौच

"आजी, संडासला कशी झाली? रंग कसा होता?" नोकरीच्या पहिल्या वर्षी हे विचारताना माझी जीभ अडखळायची. आता कॉटवर टेकून, आवाज खाली आणून विचारते, पण विचारल्याशिवाय पुढे जात नाही. बायका "पित्त झालंय", "छातीत जळजळतंय", "अन्नावर वासना नाही" एवढं सांगतात. रंग आपणहून कोणी सांगत नाही. जठरातून किंवा त्याच्या पुढच्या आतड्यातून रक्त झिरपत असेल, तर खाली येईपर्यंत त्याचा लाल रंग बहुतेक वेळा उरलेला नसतो. ते काळं होऊन येतं.

हे पुस्तकात वाचलं होतं, तरीही एका आजींच्या बाबतीत चुकले. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेत होत्या, तीही पहाटे कोऱ्या चहाबरोबर, उपाशीपोटी. अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. "काळीच होते," त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळीने शौच काळी होतेच. मी तसं लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे वळले.

चार तासांनी बेडपॅन काढलं तेव्हा हात थबकला. लोहाची शौच हिरवट काळी असते, बांधून होते. ही डांबरासारखी चकाकत होती, भांड्याला चिकटून राहिली होती. आणि वास! तो एकदा नाकात गेला की पुढे अंधारातही ओळखता येतो. दाखल करताना नाडी ९२ होती, आता ११८. वरचा रक्तदाब मात्र अजून ११० होता, आणि तिथेच माणूस फसतो. रक्त जाऊ लागलं की शरीर आधी नाडी वाढवून तोल सांभाळतं. दाब घसरेपर्यंत बरंच रक्त गेलेलं असतं. डॉक्टरांना उठवलं, तोंडाने काही द्यायचं नाही असं नातीला बजावलं, दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, क्रॉसमॅचला रक्त पाठवलं. सकाळी दुर्बिणीत लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला. आजी वाचल्या. मधले चार तास मी विसरलेले नाही.

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असं अजून घरोघरी म्हणतात. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास जठरातला जंतू शोधला. तो अल्सर करू शकतो हे लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या, अल्सरची ही दोन मोठी कारणं. आजींच्या पोटात दोन्ही निघाली. जंतूसाठी चौदा दिवसांचा कोर्स असतो. तोंड कडवट पडतं म्हणून पुष्कळ जण चौथ्या-पाचव्या दिवशीच तो सोडतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवावं लागतं. आम्ल कमी करणारी गोळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची, हेही दोनदा सांगते. वेळ चुकली की तिचा उपयोग कमी होतो.

दुर्बिणीआधी घसा बधिर करायला फवारा मारतात. आजी परत आल्या त्या पाणी मागतच. नातीने भांडं भरूनही आणलं. मी तिचा हात धरला. बधिर घशातून पाणी श्वासनळीत उतरू शकतं. डॉक्टरांनी द्यायला सांगितल्यावरही आधी घशाला चमच्याची दांडी लावून पाहिली, उबळ आली, मग आजींना बसतं करून चमचाभर पाणी दिलं. कंठमणी वर जाऊन खाली आला. ठसका नाही. मग दुसरा चमचा.

घरी जायच्या दिवशी त्यांनी चंची सोडली. सुपारीखालून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. दोन उरल्या होत्या.

"ह्या तुझ्याकडंच ठेव बाई," त्या म्हणाल्या. "आन् गुडघ्यांचं काय करू, ते सांग."

मी स्टूल ओढून त्यांच्या पायाशी बसले.