जोड

स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायची, एवढंच काम काढलं होतं. मिस्त्रींनी कोपऱ्यातला गिलावा छिन्नीनं उडवला आणि हात थांबवला. "दादा, जरा इकडं या."

खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग पायऱ्यापायऱ्यांनी वर चढली होती. ब्लॉक एकही फुटला नव्हता, दरजा तेवढ्या उकलल्या होत्या. दोन भिंती मिळतात तिथं तर सरळ उभी चीर. मिस्त्रींनी त्यात थापीचं टोक सहज आत सरकवलं. "भिंती नुसत्या शेजारी शेजारी उभ्या हायत. दात सोडलेच न्हाईत जोडाला."

आमचं गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आजोबांचं दगडमातीचं घर बसलं. वडिलांनी तेव्हापासून दगडाचा धसकाच घेतला. १९८६ साली नवं घर बांधताना त्यांनी हट्टानं पोकळ सिमेंट ब्लॉक आणले. दगड घात करतो, ब्लॉक नाही, ही त्यांची समजूत मीही पुढं वागवली.

इंजिनिअर भाच्यानं येऊन ती मोडली. "मामा, दगड की ब्लॉक हे नंतर. भिंती एकमेकींना धरून आहेत का, ते आधी बघा." सुटी भिंत हादऱ्यात आडवी होते, बांधलेली असली तर शेजारची तिला सावरते. आमच्याकडं वर पत्रे, लिंटेल फक्त दारं-खिडक्यांपुरती. चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा कुठंच नव्हता. कोपऱ्यालगत खिडकी वाढवणं म्हणजे होतं तेही बळ काढून घेणं. तो बेत तिथंच सोडला.

मग खरं काम निघालं. लिंटेलच्या पातळीवर आणि पत्र्याखाली, आतून-बाहेरून सव्वा फूट रुंदीचा गिलावा काढला. दरजा अर्धा इंच खरवडल्या, तारेच्या ब्रशानं घासल्या, धुतल्या. वेल्डमेश जाळी ठोकायला गेलो तर पोकळ ब्लॉकात खिळे धरेनात. तेव्हा आरपार भोकं पाडून सळ्या घातल्या आणि आतली-बाहेरची जाळी त्यांना बांधली. जाळी कोपऱ्याशी तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीवर न्यायची. भिंतीला चिकटूही द्यायची नाही. माल तिच्या मागं शिरला पाहिजे. भाच्यानं प्रत्येक ठिकाणी बोट घालून पाहिलं.

कोपऱ्यात उभी सळई घालायची म्हणून ब्लॉकांची तोंडं फोडली. आत गोणपाटाचे बोळे निघाले. एक, दोन, प्रत्येक थरात. माल पोकळीत सांडून वाया जाऊ नये म्हणून कोंबलेले. एका बोळ्यावर सिमेंटच्या गोणीची निळी अक्षरं अजून होती. आईनं तो हातात घेतला. "रात्री कंदिलापाशी बसून कापायचे हे."

बोळे उपसले, जोत्यापासून वरपर्यंत बारा एमएमची सळई उभी केली. बारीक खडीचं पातळ काँक्रीट दोन-दोन फुटांच्या टप्प्यानं ओतलं, प्रत्येक टप्प्याला सळईनं कोचलं. तळाच्या ब्लॉकाला भोक ठेवलं होतं. त्यातून माल डोकावला, तेव्हाच ते बुजवलं. वरून एकास तीनचा गिलावा दोन हातांत. पुढचे दहा दिवस पाणी मारायचं काम आईनं कुणाला दिलं नाही.

मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. चार कोपऱ्यांत चार सळ्या, दोन पट्टे आणि पोकळीत थोडं काँक्रीट; बांधतानाच केलं असतं तर खर्च किरकोळ होता. वडिलांनी भीतीपोटी सगळं घर बदललं, आणि घमेलंभर माल वाचवला तो नेमका जोडातच. मी तसं बोललोही.

आई पाइप कोपऱ्यावर धरून होती. "त्यांना दगड पडलेला दिसला होता," ती म्हणाली. "का पडला, ते सांगायला कोण आलं होतं?"