वाट वाकडी करून

सरळपणाचे आपल्या भाषेला भारी कौतुक. भला माणूस म्हणजे सरळमार्गी, नाकासमोर चालणारा. त्याचे पाऊल कधी वाकडे पडायचे नाही. आपल्याला आवडत नाही तो माणूस मात्र वाकड्यात शिरतो, वाकडे बोलतो. एकच अपवाद मला ठाऊक आहे. भर उन्हातून कुणी दारात येऊन उभे राहिले की आपण म्हणतो, "आमच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून आलात!" तेवढ्या एका ठिकाणी वाकड्या वाटेत माया असते.

ह्या वाकडेपणाचा मी कधी बसून विचार करीन असे वाटले नव्हते. तो करायला लावला एका खेळाने, आणि तोही मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाबाहेरच्या रानात. मी मुलीकडे राहायला गेले की रविवारी सकाळी जावई आणि नात तिथे डिस्क गोल्फ खेळायला जातात, आणि मी चहाचा थर्मास घेऊन त्यांच्या मागून हिंडते.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गालिच्यासारखी हिरवळ, काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या आणि एकंदरीत श्रीमंती उभी राहते. इथे त्यातले काही नाही. चेंडूच्या ऐवजी प्लॅस्टिकची चकती, 21 सेंटीमीटर रुंद, वजनाने बहुधा दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. खड्ड्याच्या ऐवजी एका खांबाला टांगलेल्या साखळ्या आणि त्यांच्याखाली लोखंडी टोपली. चकती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पाडायची. अशा बहुधा अठरा टोपल्या. साखळ्यांवर चकती आदळली की जो खळ्ळकन आवाज होतो, तो देवळातल्या घंटेइतका समाधान देणारा असतो, हे मी नुसती बघी असूनही सांगते.

ह्या खेळाचे पहिले कायमचे मैदान 1975 साली कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखले गेले. आखणारे गृहस्थ एड हेड्रिक. फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत त्यांनी पूर्वी काम केले होते. आरंभी टोपली नव्हती, नुसता खांब होता. चकती खांबाला लागली की नाही ह्यावरून वाद होत. मग साखळ्यांची टोपली निघाली. तिचे पेटंट 1977चे. हेड्रिक 2002 साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली गेली. आपल्याकडे अस्थी नदीला मिळतात. ह्यांच्या वाऱ्याला मिळाल्या.

रानातल्या काही वाटा सरळ आहेत. त्यांच्याविषयी मला काही सांगायचे नाही. मजा आहे ती वळणाऱ्या वाटांची. फेकायच्या जागेवर उभे राहावे तर दोन्ही बाजूंना पाइन आणि मेपल यांच्या भिंती, मधून पंधरा-वीस पावले रुंदीची गल्ली, आणि ती गल्ली शंभरेक पावलांवर एकदम कोन करून दिसेनाशी झालेली. टोपली कुठेच नाही. शेजारच्या पाटीवरचा नकाशा सांगतो की ती तिकडे आहे, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा. अशा वाटेला इंग्रजीत डॉगलेग म्हणतात, म्हणजे कुत्र्याचा पाय. कुत्र्याचा मागचा पाय जरा निरखून पाहावा, नाव लगेच पटते. वाकडेपणासाठी दोन्ही भाषांना कुत्राच सापडला ह्याची मला गंमत वाटली; त्यांनी पाय घेतला, आपण शेपूट घेतले.

नव्या खेळाडूला पहिला मोह होतो तो कोपरा कापण्याचा. वळसा कशाला, झाडांमधूनच मारू! झाड म्हणजे नव्वद टक्के हवाच, असे हे लोक एकमेकांना थट्टेने सांगतात. उरलेल्या दहा टक्क्यांचा आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे. कुठे कुठे कोपऱ्यावरच्या झाडाला बाणाची पाटी ठोकलेली असते. त्या झाडाच्या त्याच अंगाने चकती गेली पाहिजे, नाहीतर एक फेक दंडाची. मुरलेला माणूस टोपलीचा विचारच आधी करीत नाही. तो कोपऱ्यावरचा एक तुकडा हेरतो. तिथे चकती पडली तर पुढची वाट उघडी. दहा पावले कमी पडली तर झाडांची भिंत पुन्हा आडवी येते; दहा पावले जास्त गेली तर वळणापलीकडच्या झुडपांत घुसते, आणि मग काठीने ओले पान न् पान उलटे करीत बसावे लागते. ह्या शोधकामात माझा हातखंडा आहे.

आता चकतीच्या स्वभावाविषयी. चेंडू बिचारा मारला तिकडे जातो. वळवायचा तर त्याला शिकवावे लागते. चकतीला वळण जन्मजात. भोवऱ्याला बाजूने टोचले तर तो टोचल्या दिशेला न पडता आडवा कलतो, हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलेले असते. चकती म्हणजे हवेतला भोवराच. ती मंदावली की हवा तिची पुढची कड उचलू पाहते, आणि ती कड वर जाण्याऐवजी चकती कुशीला कलते. उजव्या हाताच्या माणसाने छातीजवळून झटका देऊन फेकली तर ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि शेवटी डावीकडे उतरते. त्यामुळे डावीकडे वळणारी वाट उजव्या हाताला घरच्यासारखी.

उजवीकडे वळणारी वाट मात्र त्याचा घाम काढते. जावई त्या वाटेवर आला की त्याची नुसती तयारी बघत राहावी. बाहेरची कड वर धरून फेकावी, तर चकती आधी उजवीकडे झुकते खरी, पण दम संपता संपता मूळ पदावर येऊन डावीकडे बघू लागते. दुसरा उपाय, पाण्यावर चपटी ठिकरी मारतात तसा बाजूने मनगटाचा झटका. त्याने फिरकी उलटी होते, पण त्याच्या कोपराला ते सोसत नाही. तिसरा, चकती कडेवर उभी सोडून चाकासारखी जमिनीवरून पळवणे. तो तिन्ही करून बघतो.

मग नात येते. ती डावरी आहे. ती काहीच विशेष करीत नाही. बापासारखाच छातीजवळून झटका देते, आणि चकती गल्लीतून सरळ जाऊन, कोपऱ्यावर आल्यावर, कुणी हाक मारल्यासारखी उजवीकडे वळून दिसेनाशी होते.

ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थर्मासचे झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मीही डावरीच. होते म्हणायचे. डाव्या हाताने घेऊ नये, वाढू नये, पाटीवर अक्षर काढू नये; शाळेत बाईंची पट्टी, घरी आईचे नुसते बघणे, आणि दोहोंत बघणेच जास्त लागे. कुणाचा राग नाही. त्या काळी घरोघरी हेच होते. माझे अक्षर उजव्या हाताने वळणदार झाले. डावा हात मात्र मधूनमधून चोरून आपली कामे करी. सुईत दोरा ओवणे, गाठ सोडवणे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघणे. हे कुणाच्या लक्षात आले असेल असे मला वाटत नव्हते.

गेल्या खेपेला त्याच वाटेवर नातीने एक चकती माझ्यापुढे धरली. "आजी, तू टाक." मी उजवा हात पुढे केला.

"त्या हाताने नाही."

"का गं?"

"तू सुई ह्या हाताने धरतेस," असे म्हणून तिने माझ्या डाव्या हाताला हात लावला. "मी बघते ना रोज."

जावई झाडांकडे बघू लागला. मुलगी बरोबर आली नव्हती, ते एक बरे झाले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तिने त्यावर प्रश्न विचारले असते. मी चकती डाव्या हातात घेतली. बोटे कडेखाली आपोआप बसली. पदर खोचला, पावले आडवी ठेवली, नातीचे पाहून पाहून पाठ झालेला झटका दिला.

वीस-बावीस पावले गेली असेल. कोपरा दूरच राहिला. पण जमिनीला टेकण्याआधी ती उजवीकडे कलली, अगदी स्पष्ट कलली, आणि वाळक्या पानांवर घसरत दोन हात उजवीकडेच गेली. "पाहिलंस?" नात ओरडली. मी पाहिले होते.

जावई चकती आणायला निघाला, तशी नातीने त्याला थांबवले. पडली तिथूनच पुढची फेक, हा नियम आजीलाही लागू. मग मी चालत गेले आणि तिथून पुन्हा फेकली. कोपऱ्यावर पोहोचायला मला पाच फेकी लागल्या. तिथून टोपली दिसली. साखळ्यांवर ऊन पडले होते. नातीने तीन फेकींत संपवले, जावयाने पाच. माझ्या अकरा झाल्या, आणि अकरावीला साखळ्या वाजल्या.