ठिणगीची पारख

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्यानें स्पार्क प्लगवर निबंध लिहावयास बसावें, हें पाहून आमचे कित्येक वाचक कपाळाला आठ्या घालतील. त्यांतून हा प्लग मोटारीचाहि नव्हे. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवितात त्या आउटबोर्ड मोटरचा, आणि ती मोटरहि पन्नास-साठ वर्षांपूर्वींची! परंतु गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमचे दोन महिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल नांवाच्या गांवीं (या नांवाचा आपल्याकडील नदीवरच्या पुलाशीं कांहीं संबंध नाहीं) धाकट्या बंधूंच्या घरीं गेले, आणि त्या घराची शांतता या अंगठ्याएवढ्या वस्तूवर कशी अवलंबून आहे हें आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

प्लगशीं आमच्या पिढीची ओळख तशी जुनीच. ज्या घरांत टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्या घरीं डिकींत प्लगचा पाना व पॉलिश-पेपरचा तुकडा असावयाचाच. स्कूटर बंद पडली कीं प्लग काढावा, घासावा, फुंकर मारावी, परत बसवावा आणि देवाचें नांव घेऊन किक मारावी. या विधीचा शास्त्रार्थ कोणीं विचारला नाहीं. विचारण्याची गरजहि नव्हती. रस्त्यांत स्कूटर अडली तर माणूस ती ढकलीत घरीं येतो. भर पाण्यांत यंत्र अडलें म्हणजे मात्र ढकलावयास पायांखालीं जमीन नसते.

पूलचें बंदर विस्तीर्ण आणि उथळ आहे. पण त्याचें तोंड इतकें अरुंद कीं तेथें सांखळीच्या आधारानें चालणारी फेरीबोट ये-जा करिते. ओहोटी लागली म्हणजे त्या अफाट बंदराचें पाणी या चिंचोळ्या वाटेनें समुद्राकडे धांवत सुटतें. बंधूंच्या चौदा वर्षांच्या मुलाला होडी एकट्यानें न्यावयाची होती. होडीला लाविलेली जुनी 'सीगल' मोटर दर वीस मिनिटांनीं गुदमरून बंद पडे. मुलाच्या आईनें एक दिवस निक्षून सांगितलें कीं, हें यंत्र विकावें तरी, नाहीं तर समुद्रांत बुडवावें तरी. त्या दिवसापासून मायलेंकांत बोलणें जवळजवळ बंद होतें. बंधूंनीं तडजोड काढिली: मोटर सलग तासभर चालली तर मुलाला होडी मिळेल, एरवीं नाहीं. "दादा, तुम्हीं आयुष्यभर स्कूटरचे प्लग घासलेत, तुम्हीच बघा," असें म्हणून त्यांनीं तें काम आमच्याकडे सोंपविलें.

या यंत्रांचा वंश फार जुना नाहीं. अमेरिकेंत मिल्वॉकी शहरीं ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें १९०९ च्या सुमारास दीड अश्वशक्तीची मोटर विकण्यास काढिली, आणि तेव्हांपासून हा धंदा नांवारूपास आला. ब्रिटिश सीगलचा जन्म १९३१ सालीं वुल्व्हरहँप्टन येथें झाला. पुढें ती या पूल गांवींच तयार होऊं लागली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें ती हजारोंनीं घेतली. आणि १९९० नंतरच्या दशकांत तिचें उत्पादन थांबलें. तिचा देखावा शेतकीच्या अवजारासारखा आहे. चालू करावयाची ती भोंवऱ्याप्रमाणें: चाकाला दोरी गुंडाळावयाची आणि हिसडा द्यावयाचा. अशा यंत्राचे मालक हयात आहेत, पण कारखाना नाहीं. म्हणून प्लग निवडण्याचा भार मालकावरच येऊन पडतो.

निवडीचा पहिला भाग सोपा आहे, पण तोच चुकला तर यंत्राचा घात होतो. प्लगच्या आट्यांचा व्यास व आट्यांची लांबी हीं दोन्हीं मापें यंत्राच्या भोंकाशीं जुळलीं पाहिजेत. कित्येक जुन्या सीगल मोटरींना १८ मिलिमीटर व्यासाचा जाड प्लग लागतो. १९५० नंतरच्या बहुतेक जॉन्सन व एव्हिनरूड मोटरींना १४ मिलिमीटरचा. व्यास चुकला तर प्लग बसतच नाहीं, म्हणून त्या चुकीची भीति नाहीं. लांबी चुकली तर मात्र तो सुखानें बसतो. अधिक लांब प्लगचें टोक आंत येऊन पिस्टनला भिडण्याचा संभव. अधिक आंखूड घेतला तर भोंकांतल्या रिकाम्या आट्यांत काजळी धरते आणि पुढें योग्य प्लगहि आंत शिरत नाहीं.

खरी मेख आहे ती 'उष्ण' आणि 'थंड' या शब्दांत. उष्ण प्लगची ठिणगी अधिक प्रखर असते अशी समजूत सर्वत्र आहे. ती निखालस चुकीची आहे. हे शब्द ठिणगीचे नव्हत, प्लगच्या स्वतःच्या नाकाचे आहेत. आंतलें पांढरें, चिनी मातीसारखें नाक लांब असेल तर त्याची उष्णता सावकाश बाहेर जाते. तो उष्ण प्लग. नाक आंखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते, तो थंड. हें टोंक साधारणपणें ४५० अंश सेल्सियसच्या वर तापलें पाहिजे, म्हणजे त्यावरची काजळी व तेल आपोआप जळून जातें. सुमारें ८५० अंशांच्या पलीकडे गेलें तर ठिणगीची वाट न पाहतां तेंच निखाऱ्यासारखें पेट्रोल पेटवितें व पिस्टनला भोंक पाडण्यापर्यंत मजल जाते. या दोन मर्यादांच्या मध्यें प्लगला राखणें, हीच सारी निवड.

बंधूंच्या मोटरींतून आम्हीं काढिलेला प्लग काळाकुट्ट आणि तेलानें निथळणारा होता. गोष्ट अशी घडली होती. पूर्वींचा प्लग काजळतो म्हणून बंधूंनीं एका दुकानांत 'याहून उष्ण' मागितला. विक्रेत्यानें दुसऱ्या बनावटीचा, मोठ्या आंकड्याचा प्लग हातावर ठेविला. आतां मौज अशी आहे कीं, चँपियन या अमेरिकन बनावटींत जों जों आंकडा मोठा तों तों प्लग उष्ण. आणि एन्‌जीके या जपानी बनावटींत जों जों आंकडा मोठा तों तों तो थंड! जर्मन बॉश कंपनीनें तर आपली जुनी पद्धत बदलून पुढें नेमकी उलटी केली. म्हणजे पहिला प्लग एका लिपींतला, दुसरा दुसऱ्या लिपींतला, आणि दुकानदारानें दोन्ही एकाच लिपींत वाचले. त्याचा परिणाम असा झाला कीं, रोग्याला ज्वर हवा होता तेथें बर्फाची पिशवी मिळाली.

अशा वेळीं 'समतुल्य' प्लगांचीं कोष्टकें उपयोगीं पडतात. परंतु कोशांतील समानार्थी शब्दांवर आमचा जितपत विश्वास आहे, तितपतच या कोष्टकांवर ठेवावा. 'घर', 'सदन' आणि 'बिऱ्हाड' कोशांत शेजारीं बसतात. म्हणून भाडेकरू आपल्या बिऱ्हाडाला सदन म्हणूं लागला तर लोक हंसतील. नांवांवर तर मुळींच जाऊं नये. अल्बर्ट चँपियन हा फ्रेंच सायकलपटु. १८९९ सालीं पॅरिस-रूबे ही शर्यत त्यानें जिंकली. पुढें तो अमेरिकेंत जाऊन प्लग करूं लागला. पण भागीदारांना सोडून निघाला तेव्हां स्वतःचें नांव मागेंच राहिलें. म्हणून त्यानें नव्या प्लगांना आपल्या आद्याक्षरांचें 'एसी' हें नांव दिलें. एकाच माणसाच्या नांवाचे दोन प्लग अशा रीतीनें आयुष्यभर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होऊन बसले. इंग्रजी लॉज प्लगचा वंश तर सर ऑलिव्हर लॉज या पदार्थविज्ञानवेत्त्यापर्यंत जातो. त्याच्या मुलांनीं हा धंदा काढिला. मृतात्म्यांशीं संभाषण होतें असें मानणाऱ्या या विद्वानाच्या घराण्यानें मृतवत् यंत्रांत प्राण फुंकण्याचा व्यवसाय करावा, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

शेजारच्या एका गृहस्थांनीं तेल कमी करण्याचा सल्ला दिला. तो आम्हीं मानला नाहीं. जुन्या सीगलला पेट्रोलच्या दहा भागांस एक भाग तेल सांगितलेलें असतें, आणि तिचीं बेअरिंगें त्याच तेलावर जगतात. प्लगच्या सोयीसाठीं बेअरिंगांची उपासमार करणें म्हणजे पाहुण्यासाठीं घरच्या म्हाताऱ्यांचें दूध तोडणें होय. इतक्या तेलांत, आणि बंदरांतल्या संथ चालीवर, ज्याचें नाक तापून स्वच्छ राहील असाच प्लग शोधला पाहिजे होता. उलट ज्याची मोटर तासन्‌ तास पूर्ण वेगानें चालते, त्यानें आमचें अनुकरण करूं नये; त्याला अधिक थंड प्लग लागेल. जुन्या पुस्तिकेंतला आंकडा हेंहि वेदवाक्य नव्हे. तो लिहिला गेला तेव्हां पेट्रोलांत शिसें असे व त्याची राख प्लगवर बसे. तें पेट्रोल ब्रिटनमध्यें व भारतांतहि २००० सालीं बंद झालें. टू-स्ट्रोकचें तेलहि पूर्वींपेक्षां स्वच्छ झालें. पुस्तिकेपासून आरंभ करावा, परंतु तेथेंच थांबूं नये.

आम्हीं चँपियनचा डी-१६ निवडला. नांवांत 'आर' हें अक्षर असलेला प्लग मुद्दाम टाळला. त्या अक्षराचा अर्थ असा कीं, रेडिओंत खरखर येऊं नये म्हणून प्लगच्या पोटांत विजेला अडथळा घातलेला आहे. नव्या यंत्रांत तो इष्टच. पण दोरीच्या एका हिसड्यावर म्हाताऱ्या चुंबकानें जेमतेम निर्माण केलेल्या विजेच्या वाटेंत आणखी जकात कशाला? फट फीलर गेजनें मोजून ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर ठेविली. (जॉन्सनच्या त्या काळच्या मोटरींना जे-६-सी हा प्लग व ०.०३० इंच फट चालते. सीगलवाल्यानें ती उचलूं नये.) नव्या प्लगनेंहि ठिणगी तांबूस आणि मरगळलेली दिसती, तर दोष प्लगचा नसून मॅग्नेटोच्या कॉइलचा, असें आम्हीं पुतण्यास अगोदरच बजावून ठेविलें होतें. ती निळी व टणटणीत निघाली.

त्यानंतर चार दिवस तो रोज किनाऱ्यालगत मोटर चालवून प्लग काढी आणि उजेडांत धरून आम्हांस दाखवी. पहिल्या दिवशीं रंग कळेना. तिसऱ्या दिवशीं नाकावर भाजणीच्या पिठासारखा फिकट तपकिरी रंग चढला. पांढराफटक असता तर आम्ही अधिक थंड प्लग घ्यावयास सांगितलें असतें. काळा असता तर अधिक उष्ण. चौथ्या दिवशीं मोटर एक तास आणि दहा मिनिटें चालली. घड्याळ मुलाच्या आईच्या हातांत होतें. परवानगी मिळाली ती बंदराच्या आंतल्या पाण्यापुरती, आणि वल्हीं बरोबर नेण्याच्या अटीवर. बंदराच्या तोंडाकडे जाण्याची बाब तिनें पुढील उन्हाळ्यावर ढकलली आहे, आणि चिरंजीवांनीं त्यासाठीं दुसरा डी-१६, मोजून फट ठेवलेला, पान्यासह मेणकागदांत गुंडाळून आतांपासूनच तयार ठेविला आहे.