‘सदोष’चं बटण

2022-23 पासून केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरतीच राहिली. त्याआधी पहिलीपासूनचे अर्ज यायचे. आमच्या धुळ्याच्या शाळेत ते नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर तपासून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मुदत जवळ आली की पोर्टल उघडता उघडेना. मग रात्री घरचे झोपल्यावर बसायची.

‘सदोष’ हे बटण दाबायला हात धजत नसे. लेकराला ‘नाही’ म्हटल्यासारखं वाटे. एका मुलीच्या खाते क्रमांकातला एक आकडा पासबुकाशी जुळत नव्हता. होईल पुढे दुरुस्त, इन्शाअल्लाह, म्हणून मी अर्ज मंजूर केला. तो जिल्ह्याकडे गेला, माझ्या हातून सुटला. पैसे आलेच नाहीत. तिचे अब्बू हमाली करतात. एक दिवसाची मजुरी बुडवून शाळेत आले. “आपा, तुम्हीच तर पास केला होता ना?”

‘सदोष’ ठरलेला अर्ज दुरुस्तीसाठी मुलाकडे परत येतो. हे मला माहीत होतं. तरी दया आडवी आली.

पुढच्या वर्षी पासबुकाची झेरॉक्स समोर ठेवूनच एकेक अर्ज उघडला. चूक दिसली की बटण दाबायचं आणि सकाळी हजेरीच्या वेळी मुलाला सांगायचं, “उद्या अम्मीला घेऊन ये.”